जनाबाईच्या पोटातली बेटं

मार्गशीर्षातलं धुकं खाडीवर असं बसलं होतं की पलीकडचं तिवरांचं रान रात्रीतून कुणी उचलून नेलं की काय, असं वाटावं. ओहोटी लागली होती. पाणी मागे सरत होतं तसा चिखल उघडा पडत होता, आणि त्या चिखलावर निवट्या मासोळ्या टुणटुण उड्या मारत होत्या. अशा सकाळी आवाज लांबून येतात, माणसं मात्र दिसत नाहीत. कुठल्याशा होडीचं वल्हं वाजत होतं, कुणीतरी खोकत होतं, आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात जनाबाई आपल्या दारातल्या फळीपुढे बसून बोय मासळी साफ करत होती.

बोय साफ करायची म्हणजे आधी खवलं. सुरी शेपटीकडून डोक्याकडे न्यायची. खवलं उडतात, मनगटाला चिकटतात, कपाळाला चिकटतात, बाई उन्हात उभी राहिली तर अर्धी चांदीची दिसते. मग पोट फाडायचं, आतलं सगळं दोन बोटांनी एका ओढीत बाहेर, आणि पित्त फुटू द्यायचं नाही. हे काम जनाबाईनं झोपेतही केलं असतं. पण त्या दिवशी ती दर एक-दोन बोयांमागे उठत होती, माठाकडे जात होती, घटाघटा पाणी पिऊन परत येत होती.

"काय गो जने," शेजारी जाळं सांधत बसलेली मालन म्हणाली, "एक दिस खाडी पिऊन टाकशील. मंग होऱ्या कुठं चालवायच्या आमी?"

मालन ही जनाबाईची थोरली नणंद. नवरा गेल्यावर भावाकडे, गोमाजीकडे, परत आलेली. तोंडानं तिखट, हातानं भरभरून देणारी.

"तोंड सुकतंय गो. कं करू?"

तहान म्हणजे अशी तहान की माठ रिकामा व्हायचा आणि जीभ तरी लाकडासारखीच. जेवण दोन माणसांचं, अंग अर्ध्या माणसाचं. डाव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. गोमाजी बायकोला काही विचारायचा नाही, फक्त आपल्या ताटातली माशाची मोठी तुकडी तिच्या ताटात टाकायचा. भगतानं दंडाला काळा दोरा बांधला, तोही सैल होऊन मनगटावर आला. मग एका सकाळी घरामागे, बायका जिथं आडोशाला बसतात तिथं, मालनला मुंग्यांची रांग दिसली. जाड, काळी, लगबगीची. लग्नघरी चालल्यासारखी.

"इथं गूल कोनी सांडला?" ती ओरडली. आणि मग तिला कळलं की गूळ कुणी सांडलेला नाही. तिनं जनाबाईचा हात धरला आणि तिला तलावपाळीच्या दवाखान्यात नेलं.

*

दवाखाना श्रीपाद डॉक्टरांचा. हे राहायला डोंबिवलीला, तेव्हाच्या डोंबिवलीला, जिथं स्टेशनाबाहेर पडलं की भातखाचरं लागत. बोलणं शुद्ध, कोट स्वच्छ, आणि पेशंटशी गप्पा मारायची भयंकर हौस. त्यांचा कंपाउंडर विश्राम म्हणजे दवाखान्याचा निम्मा औषधसाठा. त्याच्या बोलण्यानं निम्मी माणसं बरी होत.

विश्रामनं काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात जनाबाईची लघवी थेंब थेंब सोडली आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं होतं ते हिरवं झालं. हिरवं होतं ते पिवळं झालं. मग विटेसारखं लाल झालं आणि तिथंच थांबलं. दोघी बायका श्वास धरून बघत होत्या.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले.

"कोनाला?"

"तुम्हाला, जनाबाई."

"मना कशी येल? चाय पन मी गुलाची पितंय."

"मुंग्यांना आधी कललं," मालन म्हणाली, "डाक्टरला आता कललं."

विश्राम तोंडावर हात ठेवून हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं जुन्या महिन्याचं कॅलेंडर फाडलं, पाठकोऱ्या बाजूला एक पोट काढलं आणि त्यात आडवं काहीतरी काढलं.

"जठराच्या मागे ही अशी ग्रंथी असते. स्वादुपिंड म्हणतात. लांबट, मऊ, फिकट रंगाची."

"गाभोलीवानी?" मालननं विचारलं.

"गाभोळी म्हणजे?"

"मासलीची अंडी रं! तुज्या बायकोला इचार."

कोळीवाड्यात 'तुम्ही' हा शब्द देवालाही नव्हता आणि डॉक्टरलाही नव्हता. श्रीपाद डॉक्टरांना त्याची सवय झाली होती. "आमच्याकडे मासे नाहीत," ते म्हणाले. "असेल, गाभोळीसारखी असेल. तर त्या ग्रंथीत बारीक बारीक बेटं असतात."

"बेटं?" जनाबाई पहिल्यांदाच सावरून बसली. "पोटान?"

"भिंगातून पाहिलं तर तसंच दिसतं. सगळीकडे एकसारखं पसरलेलं, आणि मधेच वेगळ्या रंगाचे पुंजके. समुद्रात बेटं असावीत तसे. ऐंशीएक वर्षांपूर्वी जर्मनीत डॉक्टरकी शिकणाऱ्या एका पोराला ती पहिल्यांदा दिसली. कशासाठी आहेत ते त्याला काही उमगलं नाही. पुढे कळलं की त्या बेटांवरून एक रस निघतो आणि रक्तात मिसळतो. आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची आत साखर होते. ती रक्तातून घरोघर जाते, पण दारं बंद. हा रस दाराची कडी काढतो. कडी निघाली की साखर आत, अंगाला ताकद. कडी नाही निघाली तर साखर दारोदार हिंडते आणि शेवटी लघवीवाटे वाहून जाते. माणूस भरल्या ताटावर उपाशी. तुमचं तेच झालंय."

"म्हंजे माजी बेटं..."

"ओस पडलीत."

बाहेर तळ्यावर धोब्याचं आपटणं चाललं होतं. जनाबाई त्या कागदावरच्या ठिपक्यांकडे बघत राहिली. तिला खाडीच्या तोंडाशी, धुक्यात, दूरवर दिसणारी टेकाडं आठवली. लहानपणी बापाच्या होडीतून बघितलेली. कुणी राहत नाही तिथं, बाप म्हणायचा. पूर्वी राहायचे.

"कवरी वरसं जगंल ती?" मालननं डॉक्टरला सरळ विचारलं. तिचा आवाज तिखट नव्हता.

तेव्हा डॉक्टरांनी ती दुसरी गोष्ट सांगितली. तीसेक वर्षांपूर्वीची, कॅनडातल्या टोरांटो गावची. एका उन्हाळ्यात एक तरुण सर्जन आणि एक विद्यार्थी तापलेल्या खोलीत कुत्र्यांवर प्रयोग करत बसले. कुत्र्याची ही ग्रंथी काढली की त्याला साखर होते, तो वाळत जातो. मग दुसऱ्या कुत्र्याच्या ग्रंथीतून काढलेला रस त्याला टोचला, तर साखर उतरली. मग कत्तलखान्यातल्या जनावरांच्या ग्रंथी आणून रस काढायला लागले. पुढच्या थंडीत इस्पितळात एक चौदा वर्षांचा मुलगा होता, हाडांचा सापळा. त्याला पहिली सुई टोचली. उतार तर पडलाच नाही, वर गळू झालं.

"मेला?"

"नाही. त्यांच्यातल्या एकानं तो रस पुन्हा गाळला, शुद्ध केला. दुसऱ्या खेपेला टोचला आणि मुलगा सुधारत गेला. पुढे कितीतरी वर्षं जगला. रोज सुई घेऊन. त्या रसाचं नाव इन्सुलिन. त्यांच्याकडच्या एका जुन्या भाषेत बेटाला इन्सुला म्हणतात, त्यावरून."

"कंच्या जनावराचा म्हनलास?"

डॉक्टर जरा घुटमळले. "असतं... बैलाचं. डुकराचं."

मालननं जनाबाईकडे बघितलं. जनाबाई म्हणाली, "मना वाचवला त पाया परीन मी त्याच्या."

"आणि गंमत सांगू?" डॉक्टरांना आता राहवेना. "काही माशांत ही बेटं ग्रंथीच्या बाहेरच असतात. पित्ताजवळ एक पांढरट मणी. त्या लोकांनी माशांतूनही रस काढून बघितला होता."

जनाबाईचे डोळे चमकले. "तू मासली खातंस नाय, मंग तुना कसा ठावा?"

"वाचलं पुस्तकात."

"आमचे डॉक्टर मासे पुस्तकातूनच खातात," विश्राम म्हणाला. "काटा लागत नाही."

मग सुई कशी उकळायची, कुठं टोचायची, रस किती ओढायचा, ते विश्रामनं दाखवलं. डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते, "सुई चुकवायची नाही जनाबाई. सण असो, लग्न असो, सुई चुकवायची नाही." आणि दोघी पायऱ्या उतरत होत्या तेव्हा मागून म्हणाले, "सुई घेतली की लगेच खायचं हं!" तेही ऐकलं दोघींनी. पण जे पुन्हा पुन्हा सांगितलं ते हाडात गेलं, आणि जे एकदाच सांगितलं ते कानात राहिलं.

*

मग कोळीवाड्यात नवीनच एक चाल सुरू झाली. जनाबाईच्या चुलीवर सकाळी दोन भांडी चढायची, एकात चहा आणि एकात सुई. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत, नारळाच्या करवंटीखाली झाकून. शिंगाळा माशाचा काटा हातात घुसला तरी हूं न करणारा गोमाजी, बायको मांडीत सुई खुपसायला लागली की दाराबाहेर जाऊन आभाळ बघायचा.

"कं बघतंस वर?" मालन विचारायची.

"वारा."

"वारा खाली हाय. वर कं हाय?"

अंग भरलं. बांगड्या जागेवर आल्या. जनाबाई डोक्यावर पाटी घेऊन पुन्हा घरोघर हिंडू लागली, कल्याणच्या बाजारात सुकट घेऊन जाऊ लागली. मासळी साफ करताना मात्र तिचा हात जरा रेंगाळायचा. आतलं काढलं की ती बोटानं बाजूला करून बघायची, पित्ताच्या आसपास, तो पांढरा मणी कुठं दिसतो का. कधी काहीतरी दिसायचं, तांदळाच्या कणीएवढं. ते तेच की दुसरं काही, कुणाला ठाऊक. ती त्याला उजेडात धरायची आणि मग खाडीत सोडायची.

आणि तिला स्वप्न पडू लागलं. एकच स्वप्न, पुन्हा पुन्हा. आपल्याच पोटात खाडी आहे. पाणी काळं, गरम, गोड. ती एकटी होडी वल्हवते आहे. धुक्यातून बेटं येतात, एकामागून एक. झोपड्या आहेत, वाळवणाच्या काठ्या आहेत, पण चूल पेटलेली नाही, कुत्रं भुंकत नाही. ती हाक मारते. कुणी ओ देत नाही. मग मागून एक लहानशी होडी येते, दिवा लावलेली, आणि बेटाला लागते. जनाबाईला स्वप्नातही कळायचं, ती सकाळची सुई आहे.

*

श्रावण आला. नारळी पौर्णिमेला त्या आळीची रीत अशी की खाडीला नारळ पडेपर्यंत घरच्या बायकांनी तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. घरधनी होडीवर जाणार, त्याच्या जिवाची राखण बायकोच्या रिकाम्या पोटानं करायची. जनाबाईनं लग्न झाल्यापासून ही रीत मोडली नव्हती. आणि डॉक्टरांची रीतही तिनं मोडली नव्हती. तेव्हा पहाटे उठून तिनं सुई उकळली, मांडीत टोचली आणि उपाशीपोटी कामाला लागली. दोन्ही देवांचं राखलं, असं तिला वाटलं.

भरती दुपारची. सकाळभर ऊन-पावसाचा खेळ चालला होता. होड्यांना रंग, पताका, ढोल. बायका हिरव्या-पिवळ्या लुगड्यांत, अंबाड्यात अबोली. सोनेरी कागदाचा नारळ घेऊन मिरवणूक खाडीकडे निघाली, आणि जनाबाईला वाटलं ऊन फार पांढरं झालं आहे. ढोल लांब गेला. अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, मग खांदे, मग मान. आणि धुकं आलं. श्रावणातल्या भर दुपारी, मार्गशीर्षातलं धुकं. त्यातून बेटं दिसू लागली, आणि या खेपेला प्रत्येक बेटावर दिवा होता. शेकडो दिवे. ते पाण्यात हलत होते. इतकं सुंदर तिनं कधी काही बघितलं नव्हतं.

"दिवं..." ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "बेटावं दिवं लागलं..."

"आई आयली!" कुणीतरी किंचाळलं. "जनीच्या अंगान आई आयली!"

ढोल थांबला. बायकांनी तिला धरून पाटावर बसवलं, कपाळ हळदीकुंकवानं भरलं. कोळीवाड्याचा पाटील दामाजी, वयानं पिकलेला, कुणापुढे न वाकणारा, तो पुढे येऊन वाकला.

"आई, होऱ्या आज सोरू कं?"

जनाबाई दिवे मोजत होती. एक विझला. दुसरा विझला. "नको," ती म्हणाली. "इजतील. इजतील सगलं."

त्या दिवशी होड्या सुटल्या नाहीत. नारळ पाण्यात सोडला, रीतीप्रमाणे आईच्या तोंडात गूळ-खोबरं घातलं, शहाळ्याचं पाणी पाजलं, आणि थोड्या वेळानं आई शांत झाली. जनाबाई डोळे चोळत, लाजत उठली. पुढे आठवडाभर दर्या तेलासारखा निवांत होता, वाऱ्याची झुळूकही वाकडी आली नाही. पण दामाजी म्हणाला, "आईला जो वारा दिसते तो तुमाना-आमाना कसा दिसंल?" आणि ते सगळ्यांना पटलं.

आता आळीतल्या बायका जनाबाईच्या दारावरून जाताना चपला काढू लागल्या. कालपर्यंत 'खंगलेली' म्हणणाऱ्या तिच्या पाया पडू लागल्या. गोमाजी तेवढा आधीसारखाच मोठी तुकडी तिच्या ताटात टाकत होता.

नवी बाटली आणायला गेली तेव्हा जनाबाईनं हे सगळं डॉक्टरांना आनंदानं सांगितलं. डॉक्टर ऐकता ऐकता पांढरे पडले.

"सुई घेतली होती?"

"घेतली त. चुकवली नाय."

"आणि खाल्लं काय?"

"उपास होता."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माझी चूक. मी तुमच्या सणावारांचं विचारायला हवं होतं. ऐका. सुईनं सगळ्या दारांच्या कड्या काढल्या. होती नव्हती ती साखर घरांत शिरली. रक्त रिकामं. आणि मेंदू फार लाडावलेला असतो, तो रक्तातल्या साखरेवरच जगतो. ती आटली की तो आधी घाम फोडतो, थरथरतो, मग भलतंच बोलतो, भलतंच बघतो. आणि मग झोपतो. ती झोप लागली की कुणी उठवू शकत नाही, जनाबाई. त्या गूळ-खोबऱ्यानं वाचलात तुम्ही."

"म्हंजे आई नव्हती?"

डॉक्टरांनी नवी बाटली तिच्या हातात ठेवली.

परतताना मालन वाटभर बडबडत होती, आता सुईबरोबर भाकरी, आपण स्वतः समोर बसून खायला लावू वगैरे. जनाबाई हूं हूं करत होती. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. आई नव्हती, बरं. पण बेटं होती. दिवे होते. ते काही डॉक्टरच्या पुस्तकात नव्हते.

*

नवरात्राच्या आधी दामाजी घरी आला, ओटीवर बसला. त्याची नवी मोठी होडी तयार होती. "अष्टमीला देवलान बस, जने. आईला इचारायचा हाय, होरी कवा पान्यान लोटू."

"येल नाय येल, मी कसा सांगू, मामा?"

"तू बस तरी."

ती नाही म्हणाली नाही. आता तिला ठाऊक होतं की आई कशी येते. सुई घ्यायची आणि भाकरी खायची नाही. एवढंच. अख्ख्या जन्मात कुणी तिला काही विचारलं नव्हतं, मासळीचा भाव सोडला तर. आणि त्या दिव्यांची ओढ अशी होती की चुलीपुढे बसल्या बसल्या तिची नजर लांब लागायची.

अष्टमीच्या सकाळी मालननं तिच्यापुढे भाकरी ठेवली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेली. परत आली तर ताट रिकामं. तिला बरं वाटलं. देवळात गर्दी जमली, जनाबाई पाटावर बसली, आरती झाली. आणि मालन निरांजनासाठी तूप आणायला घरी आली तेव्हा तिला फडताळात, पालथ्या टोपाखाली, ती भाकरी दिसली. अख्खी.

तूप राहिलं बाजूला. तिनं गुळाची ढेप फोडली, मूठभर गूळ ओच्यात घेतला आणि धावत सुटली.

देवळात जनाबाई घुमत होती. केस सुटलेले, लुगडं घामानं चिंब. दामाजी हात जोडून विचारत होता, "आई, सांग, होरी कवा लोटू?" जनाबाई काहीतरी बोलत होती, पण शब्द एकमेकांत मिसळत होते. तोंडाच्या कडेनं लाळ आली. डोळे वर गेले. मान कलली.

"आई जोरान आयली," बायका कुजबुजल्या आणि मागे सरल्या.

मालन गर्दीत घुसली. "बाजू व्हा!"

"मालने!" दामाजी ओरडला. "आईच्या तोंडाला हात लावू नको! आईचा कौल येऊ दे आधी!"

"आई नाय ती!" मालनचा आवाज देवळाच्या घुमटात घुमला. "आई माजी बी हाय, मी वलखतंय आईला. ही माज्या भावाची बायको हाय. नि ती उपाशी हाय!"

तिनं जनाबाईची मान एका कुशीवर वळवली, गूळ बोटांत चुरला आणि गालाच्या आतल्या बाजूला चोळला. थोडा, पुन्हा थोडा. कुणी तिच्या दंडाला धरून ओढलं, तिनं कोपर मारलं. कुणी शिवी दिली, तिनं परत दिली, देवळात. गोमाजी गर्दीच्या मागून पुढे आला आणि बहिणीच्या पाठीशी उभा राहिला, त्याच्या रुंद पाठीआड दोघींना घेऊन. मग कुणी ओढलं नाही.

वेळ गेला. किती, ते कुणी सांगू शकलं नाही. मग जनाबाईच्या जिभेनं हालचाल केली. तिनं गूळ चघळला. डोळे उघडले.

"दिवं दिसलं?" मालननं हळूच विचारलं. तिला स्वप्नाचं ठाऊक होतं. जनाबाईनं तिलाच तेवढं सांगितलं होतं.

जनाबाईनं नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कायच नव्हता गो. बेटं पन नव्हती. निसता कालोख. नि मंग लांबशी गोड लागला, तिकरं वलवत आयली मी."

*

दामाजीची होडी कुणाला न विचारता पाण्यात गेली आणि बाकीच्या होड्यांसारखीच कधी भरून, कधी रिकामी येत राहिली. तो जनाबाईशी बरेच दिवस बोलला नाही. बायकांनी दारावरून जाताना पुन्हा चपला घालायला सुरुवात केली.

पुढल्या श्रावणात नारळी पौर्णिमेची सकाळ उजाडली. पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या गळत होत्या, खाडी भरतीची वाट बघत राखाडी पडली होती. जनाबाईनं सुई घेतली. मग ताटात भाकरी घेतली, वर सुकटीची चटणी, आणि ती घरात नाही, दारात येऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मालन तिच्याशेजारी बसली, स्वतः उपाशी, तोंड फुगवून, कुणी काही बोलतंय का याची वाट बघत.

दामाजी आलाच. थांबला. ताटाकडे बघितलं.

"नारल परला नाय अजून, जने."

"हां, मामा."

"मंग आई येनार नाय आज."

जनाबाईनं घास चावून गिळला. "आयली त बसंल जेवाला माज्यासंगती. आईला कं, भाकरी चालत नाय?"

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. रागानं की कशानं, कळलं नाही. तो दोन पावलं पुढे गेला आणि मागे वळून म्हणाला, "गोमाच्या जिवाची राखन कोन करंल मंग?"

"मीच करीन," जनाबाई म्हणाली. "जित्ती राहून."

दामाजी गेला. ढोल वाजू लागला होता, आळीच्या पार टोकाला. ऊन फुटलं, पाण्यावर क्षणभर काहीतरी लुकलुकलं, शेकडो ठिकाणी, आणि जनाबाईचा हात ताटावर थांबला. ती बघत राहिली. मग ढग आला आणि पाणी पुन्हा पाणी झालं.

"खा गो," मालन म्हणाली. "अर्दी राहिली."

तिनं उरलेली भाकरी संपवली. ताट पागोळीखाली धरून विसळलं, भिंतीला उभं केलं. रात्री गोमाजीनं आणलेल्या बोया पाटीत तशाच पडल्या होत्या. तिनं फळी ओढली, सुरी दगडावर दोनदा घासली आणि पहिल्या बोयेची खवलं काढायला घेतली, शेपटीकडून डोक्याकडे.